ही मोठी

मोठीला मोठी कुणी केलं, तर धाकटीनं. धाकटी जन्मली त्या सकाळपर्यंत ती घरातली एकुलती एक होती, सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. दुपारी मावशीनं तिला हाताला धरून आत नेलं, कपड्यात गुंडाळलेलं एक लालबुंद तोंड दाखवलं आणि म्हणाली, "आता तू मोठी हं." झालं. त्यानंतर तिचं खरं नाव कुणी घेतलं असेल तर ते शाळेच्या हजेरीत, आणि शाळाही पुढच्या सहा वर्षांत सुटली. आज ती पन्नाशीला टेकलीय, स्वतःचं बाइंडिंगचं दुकान चालवते, केसांना कलप लावायचा तिनं कधीच सोडून दिला, आणि अजूनही ती मोठीच. गिऱ्हाइकं फार तर पुढे ताई लावतात.

दुकान म्हणजे खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि वरच्या मजल्यावर तिचं घर, म्हणजे एक माणूस आणि एक खुर्ची जास्तीची. पुढच्या खोलीत लांबलचक टेबल, मागच्या खोलीत कापायचं यंत्र. छापखान्यातून चादरीएवढाले कागद यायचे. त्यांच्या घड्या घालून फर्मे करायचे, फर्मे एकावर एक रचून सुई-दोऱ्यानं शिवायचे, पाठीला खळ लावायची, दाबाखाली ठेवायचं, कडा कापायच्या, मग पुठ्ठा चढवायचा. एवढं झालं की त्या कागदांना पुस्तक म्हणायचं. लोकांना वाटतं पुस्तक लिहिणाराच पुस्तक करतो. लोकांना काय, काहीही वाटतं.

कामाला दोघं होती. कापायच्या यंत्रावर साडेनऊ. तरुणपणी एका बोटाचं अर्धं त्यानं यंत्राला देऊन टाकलं होतं, म्हणून साडेनऊ, आणि त्याला या नावाचं भारी कौतुक. "दहाच्या दहा बोटं शाबूत असलेला कटर म्हणजे नुसता चहा पीत बसलेला माणूस," असं तो नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. दुसरी घडीवाली. ती गप्पा मारता मारता, खिडकीबाहेर बघता बघता, खाली नजरही न टाकता कोपऱ्याला कोपरा जुळवायची. तोंड आणि हात दोन्ही एकाच वेळी चालणारी अशी बाई मोठीनं दुसरी पाहिली नव्हती.

आणि मग घडीवालीची मुलगी, भिंगरी.

भिंगरी चौदा वर्षांची. शाळा सुटली की आईची वाट बघत दुकानात बसायची. सुरुवातीला दप्तर मांडीवर घेऊन, शहाण्यासारखी, म्हणजे पाच मिनिटं. मग टेबलाभोवती फेऱ्या, मग यंत्रापाशी डोकावणं, मग साडेनऊला, "काका, ते अर्धं बोट कुठे ठेवलंत?" भिंगरी हे नाव तिला त्यानंच दिलं. एकदा खाली पडलेला फर्मा तिनं उचलून दिला. मग पाच-सहा घड्या घातल्या. आणि एका दुपारी मोठीनं तिच्या हातात सुई दिली, जमतंय का बघू म्हणून. तिथेच सगळं हुकलं.

कारण पोरीला जमलं. फर्मे शिवताना दोरा जास्त ओढला तर कागद कापला जातो, सैल सोडला तर वर्षभरात पुस्तक खिळखिळं होतं. ती मधली ओढ सांगून येत नाही. मोठीला ती यायला दोन वर्षं लागली होती, भिंगरीला चार दुपारी लागल्या. आणि एरवी एका जागी दोन क्षण न टिकणारी ती पोर शिवायला बसली की इतकी शांत व्हायची, की घडीवालीसुद्धा बोलायची थांबायची. मोठी समोरून बघत राहायची. हिला मी सगळं शिकवीन, तिला वाटायचं. कापड चढवायला, कडांना रंग द्यायला, जुनी फाटकी पुस्तकं उसवून पुन्हा उभी करायला. दुकान हिच्याच नावावर करीन. पोटची नसली म्हणून काय झालं.

जीव जडला म्हणजे डोळ्यांवर झापड येते, ती आलीच. एका बुधवारी भिंगरी सकाळी दहालाच हजर. "शाळेला सुट्टी आहे." बरं. पुढच्या आठवड्यात दोन दिवस सुट्टी. त्याच्या पुढच्या आठवड्यात चार. शाळांना इतक्या सुट्ट्या असत्या तर मास्तर कशाला म्हातारे झाले असते? पण मोठीनं विचारलं नाही. तिला उत्तर नको होतं, तिला पोर हवी होती. टेबल उंच पडायचं म्हणून तिनं स्वतःच्या हातानं खुर्चीवर दोन जाडजूड रजिस्टरं ठेवली आणि त्यावर उशी घातली. सकाळी जिन्यावरून उतरताना खालून "मोठीताई, दोरा संपला" अशी हाक आली, की तिला दिवस चांगला जाणार असं वाटायचं. इतक्या वर्षांत त्या जिन्याखालून तिला कुणी हाक मारली नव्हती.

मग एक दिवस घडीवालीनं विषय काढलाच. "मोठीताई, घ्या ना तिला कायमची. शाळेत तिचं काही खरं नाही. गणित म्हटलं की हातापायाला घाम. इथे बघा कशी रमते. तिचीच इच्छा आहे हो, मी काही मागे लागले नाही."

मोठी म्हणाली, "बघू."

आता 'बघू' म्हणजे काय हे मोठ्या माणसांना चांगलं ठाऊक असतं. नाही म्हणायचं जिवावर येतं आणि हो म्हणायची लाज वाटते, तेव्हा माणूस बघू म्हणतो. घडीवालीनं त्याचा अर्थ हो असा घेतला, भिंगरीनं तर आनंदानं स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या. अशा मुलीला अशा कामावर ठेवायचं नाही असा कायदा आहे, हे मोठीला माहीत नव्हतं असं नाही. कायद्याचा कागद मागच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेला होता. मोठीनंच चिकटवला होता, स्वतः केलेल्या खळीनं.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला कामगार खात्याच्या बाई आल्या. पूर्वसूचना वगैरे काही नाही, सरळ आत. खांद्याला पिशवी, चष्मा डोक्यावर आणि तोच चष्मा पिशवीत शोधताहेत. पाणी मागितलं, प्यायल्या, मागच्या खोलीत गेल्या. यंत्राच्या पात्यावरची जाळी वर बांधून ठेवलेली दिसल्यावर साडेनऊची चांगली कानउघाडणी केली. "उरलेली नऊ ठेवायचीत ना?" असं त्यांनी विचारलं तेव्हा साडेनऊ म्हणाला, "साडेनऊ, बाई," आणि जाळी खाली घेतली.

बाई पुढच्या खोलीत आल्या आणि टेबलापाशी थांबल्या. भिंगरी खाली मान घालून शिवत होती.

"ही कोण?"

"माझी मुलगी," घडीवाली म्हणाली. हात चालूच होते. "ही मोठी."

"मोठी म्हणजे?"

"मोठी म्हणजे मोठी. धाकटा शाळेत जातो."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "वय काय गं तुझं?"

भिंगरीनं मान वर केली. आवाज असा खणखणीत, जणू वर्गात उभी राहून सांगतेय. "अठरा. पूर्ण."

घडीवालीचे हात थांबले. मोठीनं ते पहिल्यांदाच पाहिलं.

"तुम्ही मालकीण ना?" बाई मोठीकडे वळल्या. त्यांनी फायलीतून एक छापील कागद काढला होता, पेनाचं टोपण दातात धरलं होतं. "मालकिणीचं म्हणणं असा एक रकाना असतो इथे. अठरा पूर्ण आहेत का हिला?"

मोठीनं नुसती मान हलवायची होती. बोलायचीसुद्धा गरज नव्हती. एकदा मान हलवली की पोर तिची. उद्या सकाळी जिन्याखालून हाक येणार, परवा येणार, दहा वर्षांनीही येणार. सगळी तिच्या तोंडाकडे बघत होती.

आणि मोठीला ती दुसरी खोली आठवली. आठवली कसली, ती तिथेच जाऊन उभी राहिली.

पाकिटांचा कारखाना होता तो. तिला बारा वर्षं झाली होती. आई जाऊन महिना झाला होता, आणि वडिलांनी तिला तिथे पाकिटांना डिंक लावायला आणलं होतं, धाकटीला ठेवायला कुणी नाही म्हणून तीही बोटाला धरून. नेमका त्याच दिवशी असाच एक साहेब आला. जाडा, हसरा, घाम पुसणारा. तिच्याकडे बोट करून म्हणाला, "ही लहान दिसते हो." वडील म्हणाले, "छे, ही मोठी. लहान ती." आणि धाकटीकडे बोट केलं.

वडील काही खोटं बोलले नव्हते. घरात जे म्हणत तेच ते म्हणाले. पण साहेबानं लिहून घेतलं, आणि त्या एका शब्दानं बारा वर्षांची पोर कागदावर बाई झाली. तरी जाता जाता त्यानं तिलाच विचारलं, "काय गं, किती वर्षांची तू?" तिला कुणी पढवलं नव्हतं. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, त्या महिन्यात पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि ती मान वर करून म्हणाली, "सोळा."

साहेब हसला. मालक हसला. वडिलांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

आता हे पुढचं तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, धाकटीलासुद्धा नाही. सोळा म्हणून झाल्यावर ती वाट बघत राहिली. खोलीत चार मोठी माणसं होती: वडील, मालक, साहेब आणि डिंक ढवळणारी एक बाई. तिनं एकेकाकडे पाळीपाळीनं पाहिलं. कुणीतरी म्हणेल, अगं चल, सोळा कसली, बारा वर्षांची आहेस तू, जा शाळेत. सोमवारपासून शाळेची घंटा वाजवायची तिची पाळी होती. एकेका मुलीला एकेक आठवडा मिळायचा, तिनं दोन वर्षं वाट पाहिली होती. तिला फार फार वाटत होतं की कुणीतरी आपलं खोटं पकडावं. मालक घड्याळ बघत होता. साहेब टोपण लावत होता. ती बाई डिंकात बघत होती. वडील खाली, स्वतःच्या चपलांकडे. मग तिनं डिंकाचा ब्रश उचलला. काही झालं तरी ती मोठी होती.

धाकटी पुढे खूप शिकली, चांगली नोकरी लागली, दर रविवारी न चुकता फोन करते. मोठीला तिचा अभिमान आहे. पण खरं सांगायचं तर कधी कधी फोन ठेवल्यावर ती तशीच बराच वेळ बसून राहते.

"अहो ताई," खात्याच्या बाई म्हणाल्या. "काय लिहू?"

मोठीनं टेबलाखाली पाहिलं. भिंगरीचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"चौदा," ती म्हणाली. "चौदा वर्षांची आहे ती. शाळा बुडवून येते, मला माहीत होतं. सुई मीच दिली हातात. ते सगळं लिहा."

भिंगरीनं मोठीकडे पाहिलं, असं पाहिलं की मोठीला नजर खाली घ्यावी लागली. मग पोरीनं हातातला टाका पुरा केला, गाठ मारली, दोरा कापला, सुई उशीत खोचली. केलेलं काम अर्धवट सोडायचं नाही हे मोठीनंच शिकवलं होतं. ती रजिस्टरांवरून खाली उतरली आणि निघून गेली.

"तुमचं काय जात होतं?" घडीवालीनं विचारलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझी पोर एका ठिकाणी तरी खूश होती. तुम्हीच लळा लावलात आणि तुम्हीच हाकललंत."

"हो," मोठी म्हणाली. "चुकलं माझं. पहिल्या दिवशीच परत पाठवायला हवं होतं."

घडीवालीनं एप्रन काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि मुलीच्या मागे गेली.

खात्याच्या बाईंनी कागद भरला, मोठीची सही घेतली, कायद्यानं जे व्हायचं ते होईल म्हणून सांगितलं. दाराशी जाऊन त्या थांबल्या. "खरं सांगू? पाय मलाही दिसले होते," त्या म्हणाल्या. "पण अजून सात दुकानं बघायचीत. सगळ्या एकच सांगायला लागल्या की माणूस लिहून मोकळा होतो."

मोठी सहसा चिडत नाही, पण त्या वेळी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "असं मोकळं होत जाऊ नका," ती म्हणाली. "पोरं काय, विचारलं की आपल्याला हवं तेच सांगतात. आपण खूश व्हावं म्हणून सांगतात. ती सांगतील ते मानायचं नाही, म्हणून तर तुम्हाला पाठवतात ना?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि मान खाली घालून गेल्या.

त्यानंतर दुकानाची कळा गेली. घडीवाली दोन गल्ल्या सोडून एका लाँड्रीत लागली. तिथेही घड्याच, पण चादरींच्या. मोठी स्वतः घड्या घालायची, स्वतः शिवायची, आणि साडेचार वाजले की तिचे कान दाराकडे लागायचे. शाळा सुटायची ती वेळ. रस्त्यावरून पोरं कलकलाट करत जायची, तो ओसरायचा, की ती पुन्हा सुईत दोरा घालायला घ्यायची. चाळिशी लावूनही तो जायचा नाही. रजिस्टरं तिनं खुर्चीवरून काढून फडताळात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीही वर नेऊन ठेवली. वर आधीच एक जास्तीची होती.

साडेनऊ लाँड्रीवरून येता-जाता बातम्या आणायचा. मोठी कधी विचारायची नाही. "विचारायला लाज वाटते तर नुसतं खोका, मी सांगत जाईन," तो म्हणायचा. मग मोठी खोकायची. खात्याच्या कागदाची एक प्रत शाळेत गेली होती, हेडबाईंनी घडीवालीला बोलावून घेतलं होतं. भिंगरी रोज शाळेत जाते. गणिताला एक बाई तिला वेगळं बसवून शिकवतात. परवा रडली. काल नाही रडली. दुकानाचं नाव काढलं की उठून जाते. हे शेवटचं साडेनऊनं सांगायला नको होतं, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

दोन-अडीच महिने गेले, आणि एका दुपारी ती दारात उभी. गणवेश, पाठीवर दप्तर, आणि उंचीला चांगली दोन बोटं वाढलेली.

मोठीच्या हातातला फर्मा सुटला. "आत ये," ती म्हणाली.

"नको. कायद्यात बसत नाही."

"बसायचं असेल तर बसतं. काम करायचं असेल तर नाही."

भिंगरी उंबऱ्यावरच राहिली. हे वाक्य ती वाटेत घोकत आली असावी, इतक्या घाईनं ती म्हणाली, "मी माझ्या मर्जीनं येत होते. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"मग का सांगितलंत?"

मोठीनं खाली पडलेला फर्मा उचलला. मागच्या खोलीतलं यंत्र बंद झालं. साडेनऊ ऐकत होता, दुसरं काय.

"मलाही कुणी जबरदस्ती केली नव्हती," मोठी म्हणाली. "तुझ्याहून दोन वर्षांनी लहान होते. असाच एक साहेब आला होता आणि मी आपण होऊन सोळा सांगितलं. अगदी तुझ्यासारखं, मान वर करून."

"मग काय झालं?"

"सगळ्यांनी खरं मानलं."

भिंगरीनं दप्तराचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"मला शाळा आवडत नाही," ती म्हणाली. आवाज जरा खाली आला होता.

"नाही आवडली तर नाही आवडली."

"मी अठराची झाले की येईन. मग तुम्हाला कुणाला काही सांगता यायचं नाही." ती थांबली, आणि मग एकदम लहान होऊन म्हणाली, "येऊ ना? तुम्ही नुसतं ये म्हणा."

आता बघा, एक अक्षर. मोठीच्या ओठांवर आलेलं होतं. किती महिने झाले होते ते आतल्या आत सांभाळून. पण ही पोर कशी आहे हे तिला माहीत होतं. एकदा ये म्हटलं की ती चार वर्षं ते अक्षर मुठीत घट्ट धरून बसली असती. मधे कुठल्या बाईंचा विषय तिला आवडला असता, कुठलं भलतंच काम, भलतंच गाव तिला खुणावलं असतं, तरी मूठ उघडली नसती, कारण मोठीताईला शब्द दिलाय. चौदाव्या वर्षी दिलेला शब्द. आणि मोठी इथे बसून तो वसूल करायची वाट बघत राहिली असती.

"घरी जा आता," मोठी म्हणाली. "आई वाट बघत असेल."

भिंगरीचा चेहरा बंद झाला. ती वळली आणि निघाली. मोठी दारापर्यंत गेली. पोर कोपऱ्यापर्यंत सरळ चालत गेली, मागे बघायचं नाही असं ठरवून चालणारी माणसं चालतात तशी, आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. रस्त्यावर दुसरं कुणीच नव्हतं.

"ये गं," मोठी म्हणाली.

मागच्या खोलीत साडेनऊनं ते ऐकलं असणार. त्यानं यंत्र सुरू केलं, आणि त्या दिवशी त्यानं कुणाला काही सांगितलं नाही.